न्यू हेवनचं नाव कुणी घालवलं?

ऑगस्ट 2023. येल विद्यापीठात पहिल्या वर्षाची मुलं सामानसुमान घेऊन उतरत होती, आईवडील गाद्या-खोक्यांशी झटत होते, आणि त्याच गर्दीत काही जण पत्रकं वाटत होते. पत्रकावर काळ्या टोपडीतला सांगाडा, म्हणजे तिकडचा यमदूत. मजकुराचा सारांश असा, की या गावात खून आणि चोऱ्या वाढल्या आहेत; रात्री आठनंतर बाहेर पडू नका, एकटे हिंडू नका, सांभाळून राहा. पत्रकं वाटणारे कोण, तर विद्यापीठाच्याच पोलिसांची संघटना. नव्या कराराची बोलणी तेव्हा चालू होती आणि मालकावर दबाव आणायला ही युक्ती काढली होती. शहराचे महापौर भडकले, विद्यापीठानेही निषेध केला. पण व्हायचं ते होऊन गेलं. न्यू हेवनबद्दल असं काही खपवायला फार कष्ट पडत नाहीत.

आपल्याकडूनही मुलं तिथे जातात. प्रवेशाचं पत्र येतं, पेढे वाटून होतात, आणि मग घरातलं कुणीतरी हळूच फोनवर शोधतं, की हे गाव सुरक्षित आहे ना?

न्यूयॉर्कहून लोकल गाडीने दोन तासांवर, कनेटिकट राज्यात समुद्राकाठी हे शहर आहे. 2020 च्या जनगणनेत वस्ती 1 लाख 34 हजार. म्हणजे आपल्या बार्शीहून थोडं मोठं. 1638 मध्ये इंग्लंडहून आलेल्या कर्मठ प्युरिटनांनी नऊ चौकोन आखून ते वसवलं. मधला चौकोन मोकळा ठेवला. तोच आजचा ‘ग्रीन’. सोळा एकरांची ही हिरवळ आजही नगरपालिकेच्या मालकीची नाही. पाच जणांचं एक जुनं मंडळ तिचं मालक आहे. पूर्वी इथे दफनभूमी होती. 2012 च्या सँडी वादळात इथला एक ओक उन्मळून पडला, तर मुळांच्या जाळ्यात माणसाचा सांगाडा निघाला. पत्रकावरच्यापेक्षा हा सांगाडा अस्सल म्हणायचा.

ग्रीनच्या एका अंगाला येलचे दगडी मनोरे. आवारात ठरावीक अंतरावर निळ्या दिव्यांचे खांब दिसतात. खांबावरचं बटण दाबलं की थेट पोलिसांशी बोलता येतं. मी ते दिवे मोजत उत्तरेला चाललो होतो. प्रॉस्पेक्ट स्ट्रीटच्या चढावर जुन्या धनिकांचे वाडे आणि विद्यापीठाच्या इमारती आहेत. तिथून पश्चिमेला उतरलं की दहा-पंधरा मिनिटांत दिवे संपतात आणि न्यूहॉलव्हिल लागतं. लाकडी दुमजली-तिमजली घरं, पुढे ओटा, ओट्यावर प्लास्टिकच्या खुर्च्या, मधेच फळकुटांनी दारं-खिडक्या ठोकून बंद केलेलं एखादं घर. खुर्चीतल्या एका गृहस्थांनी मान डोलावून नमस्कार केला. येलच्या फाटकापासून इथपर्यंत मला ओळख दाखवणारा तो पहिला माणूस.

याच वस्तीच्या कडेला विंचेस्टरचा बंदुकांचा कारखाना होता. हॉलिवूडच्या काउबॉयच्या हातात दिसते ती विंचेस्टर रायफल. दुसऱ्या महायुद्धात इथे हजारो माणसं कामाला होती. दक्षिणेतल्या राज्यांतून कृष्णवर्णीय कुटुंबं याच कामाच्या ओढीने आली, त्यांनी घरं घेतली, चर्च उभारली. पुढे कामं आटत गेली. 1979-80 चा लांबलेला संप झाला, मालक बदलले, आणि 2006 मध्ये शेवटचा भोंगा वाजला तेव्हा दोनशे माणसंही उरली नव्हती. जगाला बंदुका पुरवणाऱ्या या वस्तीला आज लोक ओळखतात ते बंदुकीच्या गुन्ह्यांसाठी. कारखान्याच्या एका भागात आता ऐसपैस भाड्याची घरं झाली आहेत, नावही ‘विंचेस्टर लॉफ्ट्स’. लालबाग-परळ पाहिलेल्या वाचकाला यापुढचं सांगायला नको.

बेकारीने अर्धं काम केलं, उरलेलं सुधारणेने. रिचर्ड ली 1954 मध्ये महापौर झाले. झोपडपट्टीमुक्त अमेरिकेचा नमुना म्हणून न्यू हेवनचं नाव तेव्हा देशभर गाजलं. नागरी पुनर्रचनेचा सरकारी पैसा माणशी मोजला तर सगळ्यात जास्त याच शहराला मिळाला. त्यातून ओक स्ट्रीट ही इटालियन, ज्यू आणि कृष्णवर्णीय बिऱ्हाडांची गजबजलेली वस्ती जमीनदोस्त झाली. जवळपास नऊशे कुटुंबं आणि साडेतीनशे दुकानं उठली. कशासाठी, तर महामार्गाच्या जोडरस्त्यासाठी. 1959 मध्ये तो खुला झाला आणि पुढे जायचं सोडून एका वाहनतळाच्या इमारतीखाली जाऊन संपला. उठवलेली माणसं आधीच दाटीच्या वस्त्यांत कोंबली गेली. 1967 मध्ये या नमुनेदार शहरात दंगल उसळली. आता तोच रस्ता बुजवून त्यावर औषध-संशोधनाच्या इमारती उभ्या राहत आहेत.

गुन्हेगारी खोटी नाही. 1991 मध्ये येलच्या आवाराला लागूनच एका विद्यार्थ्याचा गोळी घालून खून झाला आणि शहराचं नाव देशभर बदनाम झालं ते तसंच राहिलं. 2011 मध्ये इथे 34 खून झाले. एवढ्याशा गावात हा आकडा लहान नव्हे, आणि मेलेले बहुतेक वस्त्यांतलेच तरुण. पण ‘सर्वांत धोकादायक शहरां’च्या ज्या याद्या निघतात, त्यांत एक गोम असते. न्यू हेवनची हद्द चिमुकली आहे. सुखवस्तू उपनगरं हद्दीबाहेर, त्यांच्या नगरपालिका वेगळ्या. त्यामुळे गरिबी तेवढी शहराच्या खात्यावर जमा होते. अशा क्रमवाऱ्या लावू नका, असं आकडे गोळा करणारी एफबीआय स्वतःच बजावते. ऐकतो कोण? आणि येलच्या विद्यार्थ्यांचे पुढे गाजलेले दोन खून पाहा. 2009 चा प्रयोगशाळेच्या आत झाला, मारणारा तिथलाच तंत्रज्ञ. 2021 मधला मारेकरी एमआयटीचा विद्यार्थी. गावगुंड दोन्हीकडे नव्हते.

येल हा इथला सर्वांत मोठा मालक. त्याच्याकडे चाळीस अब्ज डॉलरांवर गंगाजळी आहे. तरी शिक्षणसंस्था म्हणून त्याच्या बहुतेक इमारतींवर घरपट्टी लागत नाही. शहरातल्या निम्म्याहून जास्त मिळकती मूल्याच्या हिशेबाने करमुक्त आहेत, आणि इथला साधारण दर चौथा माणूस दारिद्र्यरेषेखाली. येल राजीखुशीने काही रक्कम देतं. 2021 मध्ये सहा वर्षांसाठी ती वाढवून एकूण सुमारे 13.5 कोटी डॉलर ठरली. 2015 मध्ये हजार न्यू हेवनकरांना नोकऱ्या, त्यांतल्या पाचशे गरजू वस्त्यांना, असा शब्द दिला होता. वस्त्यांचा वाटा पुरा होईना, तेव्हा कामगार संघटना रस्त्यावर आल्या. गावाने आपली किंमत मागितली की ती भीक, आणि विद्यापीठाने दिली की दानधर्म, हा हिशेब मला पटत नाही.

दानावरून आठवलं. ज्याच्या नावाने हे विद्यापीठ चालतं तो एलिहू येल न्यू हेवनला कधीच आला नाही. तो मद्रासच्या फोर्ट सेंट जॉर्जचा गव्हर्नर होता. त्याच्याच कारकिर्दीत, 1690 मध्ये, ईस्ट इंडिया कंपनीने जिंजीला असलेल्या छत्रपती राजाराम महाराजांकडून कडलूरजवळचा किल्ला विकत घेतला. तोफेचा गोळा जाईल तेवढी भोवतालची जमीनही त्या सौद्यात होती. पुढे खासगी व्यापारात हात ओले केल्याच्या आरोपांवरून येलचं पद गेलं. 1718 मध्ये त्याने कापडाचे वगैरे नऊ गठ्ठे, 417 पुस्तकं आणि राजाचं एक चित्र पाठवलं, आणि कॉलेजला त्याचं नाव मिळालं.

गावाचेही हात स्वच्छ नाहीत. 1831 मध्ये इथे कृष्णवर्णीयांसाठी कॉलेज काढायचं घाटत होतं. नगरसभेत ठराव आला आणि 700 विरुद्ध 4 मतांनी गावकऱ्यांनी ते कॉलेज नको म्हटलं.

गाव आणि कॉलेजची हाणामारीही जुनीच. 1854 च्या दंगलीत एक मद्यालयवाला भोसकला गेला, तेव्हा जमावाने तोफा ओढत कॉलेजवर आणल्या होत्या. त्याआधी 1824 मध्ये पुरलेल्या एका तरुणीचं प्रेत वैद्यकीय कॉलेजात सापडलं आणि गाव चालून गेलं. थडगी उकरून विद्यार्थी प्रेतं नेतात, हा संशय पुढे कित्येक वर्षं टिकला. त्या तणावातूनच 1894 मध्ये शहराचे दोन शिपाई कॉलेजच्या आवारात नेमले गेले. अमेरिकेतलं पहिलं विद्यापीठ-पोलीस दल ते हेच. 2023 मध्ये सांगाड्याची पत्रकं वाटणारे त्याच दलातले.