तिरकं होताना अक्षराचं काय होतं?

फ्लेक्सवरच्या ‘हार्दिक शुभेच्छा’ सहसा सरळ उभ्या नसतात. त्या जाड असतात आणि उजवीकडे झुकलेल्या असतात. परभणीच्या स्टेशन रोडला मान वर करून चाललं की हे ध्यानात येतं. डीटीपीवाला दोन बटणं दाबतो, एक ठळक आणि एक तिरकं. दोन सेकंदांचं काम! पण तेवढ्यात अक्षरावर जे गुदरतं, ते पाहण्यासारखं आहे.

फॉण्टमध्ये वेगळं तिरकं रूप नसलं, तर संगणक सरळ अक्षरच ढकलतो. पत्त्यांचा कॅट टेबलावर ठेवून वरून बाजूला सरकवावा, तसा. तळ जागच्या जागी, माथा पुढे.

आता ‘परभणी’ हाच शब्द घ्या. ‘प’चा दंड निमूटपणे झुकतो. ‘र’चा पाय मात्र मुळातच उलट्या दिशेचा, डावीकडून उजवीकडे उतरणारा. बाकी सगळे कलंडतात तेव्हा हा पठ्ठ्या उलट जास्त ताठ होतो. ‘णी’ची वेलांटी शिरोरेषेच्याही वर, म्हणून सगळ्यांत जास्त तीच सरकते आणि पुढच्या शब्दाच्या डोक्यावर जाऊ पाहते. आणि शिरोरेषा? ती आडवीच्या आडवी. खालचं सगळं घराणं वाकलं तरी तिच्यावर ढिम्म परिणाम नाही.

खरी गंमत त्याहून बारीक आहे. रोमन अक्षरांना बऱ्याचदा टोकाशी छोटे पाय असतात, त्यांना सेरिफ म्हणतात. देवनागरीला ते नाहीत. आपली शोभा जाड-बारीक रेघेत, आणि ती आली बोरूच्या कापातून. रोमन लिहिणाऱ्याच्या टाकाचा काप एका बाजूचा, आपल्या बोरूचा नेमका उलट. म्हणून रोमनमध्ये डावीकडून उजवीकडे उतरणारी तिरपी रेघ जाड, तर देवनागरीत उजवीकडून डावीकडे उतरणारी. आता ढकलण्याचं गणित मांडा. झुकाव साधारण ११ अंशांचा धरला, तर उजवीकडून डावीकडे उतरणारी रेघ जवळपास १० टक्के बारीक होते आणि उलट दिशेची जवळपास तितकीच जाड. म्हणजे बोरूने जिथे माया केली, नेमकी तिथेच यंत्र कात्री लावतं! रोमनला हेच सूत्र टाकाच्या बाजूने पडतं. गणित एकच, एका लिपीला सोयीचं, दुसरीला उफराटं.

ठळकपणाचं दुखणं निराळं. जाडी वाढली की ती आतल्या पोकळीवर चढते. ‘भ’ आणि ‘म’ यांच्या गाठी बुजायला लागतात, ‘ष्ट्र’सारख्या जोडाक्षरात तर श्वास घ्यायलाही जागा उरत नाही. म्हणून जाणता अक्षरकार ठळक रूप नव्याने रेखाटतो. गाठ मोठी करतो, सांध्याजवळ रेघ हळूच बारीक करतो, आणि वाचणाऱ्याला त्याचा पत्ताही लागू देत नाही.

मुळात इटॅलिक हा ढकलण्याचा प्रकार नव्हताच. १५०१ साली व्हेनिसमध्ये आल्दुस मानुतिउस या प्रकाशकाने फ्रान्चेस्को ग्रिफोकडून खिळे कापून घेतले, ते त्या काळच्या विद्वानांच्या आणि कचेऱ्यांच्या वेगवान हस्ताक्षरावरून. अख्खी पुस्तकं त्यात छापली गेली. ठसक्यासाठी एखादा शब्द तिरका करणं नंतरचं. सरळ मजकुरात एखादा शब्द उठून दिसावा म्हणून केलेला ठळक टाइप, लंडनचा क्लॅरेन्डन, आला १८४५ मध्ये. म्हणजे तिरक्याला असा ठळक जोडीदार भेटायला जवळपास साडेतीनशे वर्षं थांबावं लागलं.

कचेरीचं वेगवान हस्ताक्षर म्हटल्यावर मराठी माणसाला दुसरं काय आठवणार? मोडी. परंपरा तिचं नातं देवगिरीच्या यादवांच्या हेमाद्रीपंताशी जोडते. आधी शिरोरेषा ओढायची आणि मग हात फारसा न उचलता तिच्याखाली लपेटीत लिहीत जायचं. माझ्या मते मराठीची खरी इटॅलिक हीच. परभणीच्या दप्तरांत तर तिला शेजारीणही तशीच मिळाली. निजामी राजवटीतली उर्दू, तिचं नस्तालीक वळण म्हणजे प्रत्येक शब्द उतरणीवर. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध घेतला, तेव्हा हे जुने कागद पुन्हा उघडले गेले आणि मोडी-उर्दू वाचणाऱ्यांना एकदम भाव आला.

मोडीचे खिळेही पडले होते. विल्यम कॅरीचा मराठी कोश १८१० मध्ये बंगालातल्या श्रीरामपुरात छापला, त्यात मराठी शब्द मोडी टाइपात आहेत. पण छापील मराठी स्थिरावली ती बाळबोधात. व्हेनिसच्या मंडळींनी कचेरीचं वळण पुस्तकात आणलं आणि ते तिथेच नांदलं. आपलं रुमालात बांधलेलं राहिलं. त्यामुळे तिरक्या देवनागरीला मागे वळून पाहायला जुनी वाट नाही. अक्षरकार र. कृ. जोशींनी रेखाटलेला, विंडोजमधून घराघरांत पोचलेला ‘मंगल’ फॉण्टसुद्धा सरळ रूपातच आला. त्याचं ठळक रूप मागाहून मिळालं, तिरकं नाहीच.

पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचा ‘श्री देवनागरी ७१४’ मात्र ॲपलच्या मॅकवर साधा, ठळक, तिरका आणि ठळक-तिरका अशा चारही रूपांत मिळतो. त्यातलं चौथं रूप लग्नपत्रिकेतल्या वधूवरांच्या नावांना शोभतं, दिवाळी अंकातल्या एखाद्या शीर्षकालाही. सलग परिच्छेद त्यात लावू नये. डोळा दुसऱ्या-तिसऱ्या ओळीतच कंटाळतो. पुस्तकाचं नाव वेगळं दाखवायला आपल्याकडे एकेरी अवतरणचिन्ह आहेच. आणि फ्लेक्सवाल्याला दोन बटणं दाबायचीच असतील, तर छपाईला देण्याआधी त्याने भ, म आणि ष्ट्र यांच्या पोकळ्या तेवढ्या पडद्यावर मोठ्या करून तपासाव्यात.