दोऱ्याने कापायचा गोळा

सुरी राहू द्या, दोरा आणा! रोमानियात ममलिगा नावाचा पिवळाधमक, वाफाळता गोळा लाकडी पाटावर उपडा करतात आणि चक्क दोऱ्याने कापतात. दोरा दोन्ही हातांत ताणायचा, गोळ्याखाली सरकवायचा आणि वर ओढायचा. पडला काप!

साहित्य? मक्याचा जाडसर रवा, पाणी, मीठ. झालं. पण पातेल्यात जी गंमत चालते ती बघण्यासारखी असते. तेव्हा घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाला पकडा आणि दोघं मिळून गॅसपाशी उभे राहा.

जाड बुडाच्या खोल पातेल्यात चार वाट्या पाणी मीठ घालून उकळा. (तिकडे यासाठी खास बिडाचं खोलगट भांडं असतं, त्याला चाउन म्हणतात.) आता एक वाटी रवा. एकदम ओतलात तर पिठल्यात होतात तशा गुठळ्या झाल्याच म्हणून समजा. मक्यात भरपूर स्टार्च असतं. त्याचे इवलेसे कण थंड पाण्यात नुसते बसून राहतात, पण पाणी 65-70 अंश सेल्सियसपर्यंत तापलं की ते पाणी पिऊन टम्म फुगतात. ढिगातले बाहेरचे कण आधी फुगून एकमेकांना चिकटतात आणि आतल्यांची वाटच अडवतात. गुठळी फोडून बघा, आत कोरडं पीठ! म्हणून चिमटीने थोडा थोडा रवा भुरभुरवायचा आणि दुसऱ्या हाताने ढवळत राहायचं.

मग आच मंद करून अर्धा-पाऊण तास घोटायचं. इतका वेळ का? रव्याचा कण जाड, त्याच्या गाभ्यापर्यंत पाणी पोचायला हवं ना! मिश्रण दाट झालं की तळाची वाफ सहज वर येत नाही. ती अडकते, साठते आणि फट्‌दिशी उसळते. तो शिंतोडा अंगाला चिकटून बसतो आणि चांगलाच भाजतो. लांब दांड्याचा लाकडी डाव आणि मोठं माणूस, दोन्ही हवंच!

पाटावर उपडं केल्यावर दहा मिनिटं थांबा. फुगलेल्या कणांतून स्टार्चचे लांब धागे पाण्यात उतरलेले असतात. निवताना ते एकमेकांत गुंततात, आणि मघाशी ओतता येणारी लापशी आता आकार धरून बसते. तरी ती चिकट असतेच. सुरीचं रुंद पातं तिच्यात रुतून बरबटतं. दोऱ्याला मुळात चिकटायला जागाच किती?

मका मूळचा मेक्सिकोचा. रोमानियात तो सतराव्या शतकात रुजला, त्याआधी अशीच लापशी भरडधान्याची करत. मेक्सिकोतले लोक मका चुन्याच्या पाण्यात शिजवत, त्यामुळे त्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व मोकळं होतं. मका युरोपात पोचला, ही युक्ती मात्र मागेच राहिली. त्यामुळे नुसत्या ममलिगावर दिवस काढणाऱ्या गरिबांना पेलाग्रा नावाचा वाईट आजार होई. सोबत दूध किंवा चीज मिळालं तर त्यातल्या प्रथिनांपासून शरीर थोडं नायसिन स्वतःच बनवतं. वरून चीज आणि आंबट साय घालतात, ती फक्त चवीपुरती नाही!

उरलेल्या ममलिगाचं काय? मेंढपाळ तिच्या गोळ्यात चीज भरून तो निखाऱ्यावर भाजतात. याला म्हणतात बुल्झ. तुम्ही तव्यावर करा, पण लगेच तोंडात टाकू नका. बाहेरचं खरपूस कवच निवलं, तरी आतलं चीज बराच वेळ चटका देतं.