हुकूम बिनतारी, जबाबदारी मोटारीपाशी

1898 साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये निकोला टेस्लाने पाण्याच्या हौदात एक छोटी होडी सोडली. होडीत बॅटरी, मोटार आणि रेडिओलहरी ओळखणारी यंत्रणा होती. लहर आली की होडी वळे. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्याला पेटंटही मिळालं. होडीकडून उलट निरोप मात्र येत नसे. हुकूम पोचला का, ते डोळ्यांनीच बघावं लागे. पुढच्या सव्वाशे वर्षांत अंतर वाढलं, किंमत उतरली, पण खरी झटापट या उलट निरोपाशीच चालू राहिली.

रेडिओवर उडणाऱ्या हौशी विमानांनी पहिला धडा दिला. त्यांच्या सर्व्हो मोटारीला साधारण दर 20 मिलिसेकंदांनी एक स्पंद मिळतो आणि त्याच्या 1 ते 2 मिलिसेकंद लांबीवरून कोन ठरतो. स्पंद थांबले तर काय करायचं, हे पुढे रिसीव्हरमध्येच भरून ठेवता येऊ लागलं. त्याला 'फेलसेफ' म्हणतात.

सेन्सरांची वाट निराळी होती. 2002 मध्ये बर्कलीच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या मेन राज्याजवळच्या ग्रेट डक बेटावर समुद्रपक्ष्यांच्या बिळांत बिनतारी सेन्सर ठेवले. एखादं तापमान वाटेत हरवलं तरी बिघडत नव्हतं, थोड्या वेळाने पुढचं येई. मधल्या काळात सेन्सर झोपे आणि बॅटरी वाचे. 2003 च्या 802.15.4 या बिनतारी मानकाने आणि त्यावर उभ्या राहिलेल्या झिगबीने हीच काटकसर पुढे नेली.

मोटारीला ही चैन परवडत नाही. 'बंद हो' हा निरोप हरवला, तर पुढचा येईपर्यंत ती फिरतच राहते.

हे महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला कुणी शिकवायला नको. शेतीची वीज कधी दिवसा, कधी रात्री. पंप सुरू करायला विंचूकाट्यातून विहिरीवर जायचं. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी 'नॅनो गणेश' हे उपकरण काढलं आणि पंपाचा स्टार्टर मोबाईलवरून चालवता येऊ लागला. 2009 साली त्याला नोकियाच्या स्पर्धेत बक्षीसही मिळालं. पण अशा यंत्रणेत फोन लागणं हे अर्धंच काम. तीनही फेज आहेत का, विहिरीत पाणी आहे का, मोटार खरोखर सुरू झाली का, हे कळल्याशिवाय हुकमाला अर्थ नाही. एक फेज गेला किंवा पंप कोरडा फिरला, तर मोटार जळायला रेंज येण्याची वाट पाहत नाही.

2005 साली इटलीतल्या इव्रेया गावी आर्डुइनो हा छोटा कंट्रोलर बोर्ड जन्मला, 2014 मध्ये चीनमधून ईएसपी8266 ही वायफाय चिप आली, आणि दोन-चारशे रुपयांत मोटार चालू-बंद करणारा रिले ओढता येऊ लागला. लोरा हे लांब पल्ल्याचं रेडिओतंत्र आल्यावर निरोप कित्येक किलोमीटर जाऊ लागले. स्वस्ताई आली तसा जुना धडा मागे पडला. लोरावर चालणाऱ्या लोरावॅनच्या 'क्लास ए' प्रकारात उपकरण स्वतः काही पाठवल्यावरच क्षणभर ऐकतं, एरवी त्याचे कान बंद. मातीतल्या ओलाव्याला हे छान. पण तोच प्रकार मोटारीला जोडला, तर 'थांब' हा हुकूम दाराशी ताटकळतो. सतत ऐकणारा 'क्लास सी' त्यासाठीच आहे. त्याला वीज जास्त लागते, पण मोटार फिरत असते तेव्हा विजेची ददात नसते.

सव्वाशे वर्षांचा हिशेब असा : हुकूम हवेतून यावा, पण थांबवण्याचा निर्णय मोटारीशेजारच्या कंट्रोलरने घ्यावा. ओव्हरलोड आणि ड्राय रन ओळखणारे सेन्सर, लिमिट स्विच यांच्या तारा कंट्रोलरच्याच पेटीत संपाव्यात. दूरच्या केंद्राकडून ठरल्या वेळात निरोप आला नाही, तर काय करायचं तेही तिथेच लिहिलेलं असावं.

तुमची यंत्रणा तयार झाली, की मोटार चालू असताना वायफायचा राउटर किंवा गेटवे बंद करा आणि मोटार काय करते ते बघा. ती जे करेल ते तुम्ही आधी ठरवलेलं नसेल, तर काम अजून पुरं झालेलं नाही.