पान न बदलतां मिळणारी पोंच

गेल्या वर्षीं आमच्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें संगणकावर शिष्यवृत्तीचा अर्ज भरून 'पाठवा' हें बटन दाबलें. पान जसेंच्या तसें राहिलें. अर्ज गेला नसावा असें वाटून त्यानें तें आणखी दोनदां दाबलें. अर्ज तीन वेळां नोंदला गेला, आणि त्यांतील खरा कोणता याचा उलगडा होईपर्यंत त्या मुलाचा जीव टांगणीस लागला. असें कां घडतें, हें येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

वेबपानाची मूळ रीत साधी आहे. ब्राउझर अर्ज सर्व्हरकडे नेतो. सर्व्हर नवें पान धाडतो, व जुनें नाहींसें होतें. फळ्यावरील एक आंकडा बदलण्याकरितां सगळा फळा पुसून पुन्हां लिहावा, तसाच हा प्रकार.

दुसऱ्या रीतीची सोय १९९९ सालीं मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोरर ५ मध्यें आली. पुढें २००४ सालीं जीमेलनें व २००५ सालीं गूगल मॅप्सनें ती लोकांच्या परिचयाची केली. २००५ मध्येंच जेसी जेम्स गॅरेट यांनीं तिला 'एजॅक्स' हें नांव दिलें. या रीतींत जावास्क्रिप्ट भाषेंत लिहिलेल्या सूचना ब्राउझरची नेहमींची क्रिया थांबवितात, अर्जांतील मजकूर आपण सर्व्हरकडे पाठवितात, आणि उत्तर येतांच पानाचा जरूर तेवढाच भाग बदलतात. फळा न पुसतां केवळ तो एक आंकडा सुधारला जातो.

परंतु पूर्वीं पान बदलणें हीच पोंच होती. आतां ती पोंच पान रचणाऱ्यानें स्वतः द्यावयाची असते. बटन दाबतांच तें बंद करून 'पाठवीत आहों' असें लिहावें. 'मिळाला' हा शब्द सर्व्हरचें उत्तर पाहिल्यावांचून लिहूं नये. या कामीं हल्लीं 'फेच' नांवाची सोय वापरतात. सर्व्हरनें '५००' हा दोषाचा आंकडा धाडला तरी ती आपण होऊन तक्रार करीत नाहीं, म्हणून तो आंकडा तपासावाच लागतो. काम फसल्यास भरलेला मजकूर जागच्या जागीं राखून तसें स्पष्ट सांगावें. अंध वाचकांचें यंत्र बदललेला भाग वाचून दाखवील, अशी खूणही त्या भागास करावी. आणि एकच अर्ज दोनदां आला तर तो ओळखण्याची तजवीज सर्व्हरवर असावी.

आमचे कांहीं विद्यार्थी पुढें अशीं पानें रचतील. पलीकडे कोणी तरी बटनावर बोट ठेवून उत्तराची वाट पाहत आहे, एवढें त्यांनीं विसरूं नये.