रस्त्याच्या कडेची फांदी, काटा आणि मलबा: सायकलवाल्यानं काय करायचं आणि उचलायचं कुणी?

कांडलीहून परतवाड्याच्या जयस्तंभ चौकाकडे किंवा परतवाड्यातून अचलपूरकडे सकाळच्या वेळी सायकलनं जाऊन बघा. रस्ता कितीही रुंद असला, तरी सायकलवाल्याच्या वाट्याला त्यातले डावीकडचे दोन-तीन फूटच येतात. आणि बाकी सगळं जे काही रस्त्यावर येतं, तेही नेमकं याच दोन-तीन फुटांत येऊन पडतं. कुणाच्या बांधकामाची रेती-गिट्टी, तारांखाली छाटलेल्या कडुनिंबाच्या फांद्या, कंपाऊंडमधून बाहेर झुकलेली बोगनवेल, फुटलेली बाटली, बाभळीचे काटे.

मोटारीत बसलेल्याला यातलं काहीच दिसत नाही, कारण तो तिथून जातच नाही. शाळेत निघालेली मुलगी, दूधवाले काका, दुकानात कामाला जाणारा पोरगा यांना मात्र रोज त्यातूनच वाट काढावी लागते. त्यामुळे ही गोष्ट किरकोळ वाटली, तरी नीट समजून घेण्यासारखी आहे.

खरा धोका कशाचा?

फांदीला धडकून पडण्यापेक्षा मोठा धोका असतो फांदी चुकवण्याचा.

साधा हिशोब करा. ताशी १५ किलोमीटरनं चालणारी सायकल एका सेकंदात चार मीटरहून थोडं जास्त अंतर कापते. मागून ताशी ५० किलोमीटरनं येणारा ट्रक त्याच सेकंदात जवळपास १४ मीटर पुढे येतो. समोर अचानक ढीग दिसला आणि तुम्ही तीन फूट उजवीकडे सरकलात, की तुम्ही त्या ट्रकच्या वाटेत जाता. तुम्ही वळणार आहात हे ड्रायव्हरला माहीत नसतं, कारण तो ढीग त्यानं पाहिलेलाच नसतो.

परतवाडा हे मेळघाटात आणि बैतुलकडे जाणाऱ्या रस्त्यांवरचं गाव. एसटी, संत्र्याच्या गाड्या, कापसाच्या गाड्या, ट्रक सगळे गावातून जातात. अशा ठिकाणी कडेचे दोन फूट मोकळे असणं ही शोभेची गोष्ट राहत नाही.

कोणत्या महिन्यात काय पडतं?

आपल्या वऱ्हाडात रस्त्यावरच्या अडथळ्यांचंही एक वेळापत्रक असतं.

मे-जून: वादळ येतं, गुलमोहर आणि सुबाभळीच्या फांद्या कडाकडा मोडतात. याच दिवसांत वीजतारांखालच्या फांद्याही छाटल्या जातात आणि छाटलेला पाला बरेचदा कडेलाच पडून राहतो.

पावसाळा: झाडं पालवतात. फांदी वाढते आणि भिजल्यावर पाण्याच्या वजनानं आणखी खाली येते. कोरड्या दिवशी डोक्यावरून सहज जाणारी फांदी पावसात थेट तोंडावर येते ती यामुळेच. कडेला गाजरगवत आणि वेडी बाभूळ माजते. गाजरगवत अंगाला घासून अनेकांना खाज सुटते, पुरळ येतं.

दिवाळीनंतर ते उन्हाळ्यापर्यंत: वावरातून तुराट्या आणि पऱ्हाट्या घरी येतात, कुंपणासाठी बाभळीच्या अन् बोरीच्या काट्या बैलगाडीतून, ट्रॅक्टरमधून जातात. त्यातलं थोडं रस्त्यावर सांडतं. बाभळीचा काटा सरळ, टणक आणि बोटाच्या दोन-तीन पेरांएवढा असू शकतो. सायकलच्या टायरला तेवढा पुरतो.

बांधकामाचा मलबा मात्र बारमाही.

आणि हा सराटा काय प्रकार आहे?

परतवाड्यात सायकल चालवणाऱ्या प्रत्येकाला सराटा माहीत असतो, भलेही झाड ओळखता येत नसेल. सराटा म्हणजेच गोखरू. जमिनीलगत पसरणारी ही वेल. तिला लहान पिवळी, पाच पाकळ्यांची फुलं येतात. फळ वाळलं की त्याचे पाच तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्याला टणक काटे असतात. तुकडा कसाही पडला तरी एखादा काटा वर राहतोच. टायरला चिकटून तो पुढच्या गल्लीत जातो आणि तिथं रुजतो. थोडक्यात, आपली सायकलच त्याचं बियाणं पेरते.

ही वनस्पती आता अमेरिकेतही पसरली आहे आणि तिथल्या सायकलवाल्यांनाही तिनं रडवलंय. आयडाहो राज्यातल्या बॉइसी शहरात तर २०१८ पासून सायकलप्रेमींनी यावर उत्सवच सुरू केला. लोक आधी गल्लोगल्ली फिरून सराट्याच्या वेली उपटतात, पिशव्या भरून जमा करतात आणि मग सायकली घेऊन एकत्र येतात.

आपल्याला उत्सवाची गरज नाही, पण त्यातली एक गोष्ट घेण्यासारखी आहे. वेल फुलावर असताना, म्हणजे काटे धरायच्या आधी उपटायची. पावसानं माती मऊ असते, मूळ सहज निघतं. बी जमिनीत काही वर्षं टिकतं, त्यामुळे एका पावसाळ्यात काम संपत नाही. पण शाळेच्या फाटकासमोरचा तुकडा सलग दोन-तीन पावसाळे साफ ठेवला, तर फरक दिसतो.

सायकलवर असताना काय करायचं?

१. अगदी कडेला चिकटून चालवू नका. कडेपासून हातभर अंतर ठेवा. कचरा कडेला साचतो, त्यामुळे तो आपोआप टळतो. शिवाय अडचण आली तर डावीकडे सरकायलाही जागा उरते.

२. नजर पुढच्या चाकावर ठेवू नका. १५-२० मीटर पुढे बघा. अडथळा लवकर दिसला की चुकवण्यासाठी झटका मारावा लागत नाही.

३. उजवीकडे सरकण्याआधी मागे वळून बघा, हात दाखवा, मगच सरका. मागून गाडी येत असेल तर ब्रेक लावा, पाय टेका आणि ती जाऊ द्या. दहा सेकंद जातील, एवढंच.

४. ओल्या पानांवरून जाताना सरळ जा. त्यावर हँडल वळवू नका आणि जोरात ब्रेक दाबू नका. पावसात रिमवर घासणारे ब्रेक उशिरा लागतात, म्हणून वेग आधीच कमी करा.

५. वाकलेल्या फांदीखालून वेगात मान खाली घालून जाऊ नका. मान खाली गेली की रस्त्यावरची नजर हटते. वेग कमी करा किंवा उतरून जा. काटेरी फांद्यांच्या रस्त्यावर साधा पारदर्शक चष्मा डोळा वाचवतो.

६. काट्यांच्या भागातून गेल्यावर थांबून टायरवर नजर टाका. काटा पहिल्याच फेरीत ट्यूबपर्यंत पोचतो असं नाही, बरेचदा फिरत फिरत आत जातो. वेळीच काढला तर पंक्चर वाचतं.

७. पंक्चर काढताना टायर आतून चाचपून बघायला सांगा. काटा आतच मोडून राहिला, तर नवी चकती लावूनही संध्याकाळी हवा गेलेली असते. बोटाऐवजी फडकं फिरवलं तर काटा फडक्याला अडकतो, बोटात जात नाही.

८. जुनी ट्यूब फेकू नका. ती लांबीत कापून टायर आणि ट्यूबच्या मध्ये पट्टीसारखी बसवता येते. सायकल थोडी जड वाटते, पण बारीक काटे अडतात. मागच्या चाकावर वजन जास्त असतं, म्हणून पट्टी आधी तिथं टाका.

पडलेली फांदी आपण उचलायची का?

मोडून पडलेली हलकी फांदी ओढून बाजूला करायला कुणी अडवत नाही. पण आधी वर बघा. फांदीसोबत तार खाली आली असेल किंवा फांदी तारेला टेकलेली असेल, तर हात लावू नका. ओल्या लाकडातून वीज वाहते. लांब उभं राहून इतरांना थांबवा आणि महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर फोन करा.

झाडावर असलेली फांदी स्वतः तोडणं मात्र वेगळी गोष्ट आहे. शहरी भागासाठी महाराष्ट्रात १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे. त्यात झाड 'तोडणे' याचा अर्थ मोठा आहे. कापणं, जाळणं, कोणत्याही प्रकारे झाडाला इजा करणं, हे सगळं त्यात येतं. नगर परिषदेच्या हद्दीत त्यासाठी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. झाड स्वतःच्या अंगणातलं असलं तरी लागते.

याचीच दुसरी बाजू कमी लोकांना माहीत असते. झाड जिवाला किंवा मालमत्तेला धोकादायक असेल, वाळलेलं असेल किंवा वाहतुकीला अडथळा करत असेल, तर परवानगी नाकारू नये, असं हाच कायदा सांगतो. म्हणून अर्जात 'फांदी वाढली आहे' एवढंच लिहू नका. 'वाहतुकीला अडथळा आणि जिवाला धोका' हे शब्द लिहा.

उचलायची जबाबदारी कुणाची?

इथं परतवाड्यात खरी गंमत होते. परतवाडा आणि अचलपूर ही दोन गावं मिळून एक नगर परिषद आहे, अचलपूर नगर परिषद. पण शेजारच्या कांडली आणि देवमाळीत ग्रामपंचायती आहेत. शिवाय काही रस्ते सार्वजनिक बांधकाम विभागाचे, काही महामार्गाचे. म्हणजे दोन-तीन किलोमीटरच्या प्रवासात तुम्ही दोन-तीन कार्यालयांच्या हद्दीतून जाता, आणि 'हा रस्ता आमच्याकडे येत नाही' हे उत्तर मिळण्याची शक्यता तेवढीच वाढते.

साधारण हिशोब असा:

गावातला आतला रस्ता: नगर परिषद. १९६५ च्या नगरपरिषद कायद्यात सार्वजनिक रस्ते साफ ठेवणं आणि त्यावरचे अडथळे काढणं ही बंधनकारक कर्तव्यांत मोडतात. जमलं तर करायची ही कामं नाहीत.

कांडली-देवमाळीतला आतला रस्ता: ग्रामपंचायत.

मोठा जाणारा-येणारा रस्ता: बहुतेक वेळा बांधकाम विभाग किंवा महामार्ग यंत्रणा.

तारेला टेकलेली फांदी: महावितरण.

बांधकामाचा मलबा: ज्याचं बांधकाम आहे तो. २०१६ साली देशभर लागू झालेल्या नियमांनी हे स्पष्ट केलं की मलबा आपल्या आवारात ठेवायचा किंवा ठरवलेल्या जागी पोचवायचा, वाहतुकीला आणि नाल्यांना त्याचा अडथळा होता कामा नये.

आणखी एक कलम लक्षात ठेवा. भारतीय न्याय संहितेचं कलम २८५. सार्वजनिक रस्त्यावर कुणी धोका किंवा अडथळा निर्माण केला, तर ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. जुन्या भारतीय दंड संहितेत याच गुन्ह्याला कमाल दंड फक्त २०० रुपये होता. १ जुलै २०२४ पासून नवा आकडा लागू आहे.

तक्रार अशी करा की ती टाळता येणार नाही

व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकला, चार जणांनी रागाचे इमोजी दिले, म्हणजे तक्रार झाली असं नाही. कार्यालयाच्या लेखी तक्रार तेव्हाच असते, जेव्हा तिला आवक क्रमांक मिळतो.

दोन फोटो काढा. एक जवळून, एक लांबून, ज्यात दुकानाची पाटी किंवा चौक दिसेल. जवळच्या विजेच्या खांबावर नंबर असेल तर तो लिहून घ्या, जागा सांगायला यापेक्षा सोपी खूण नाही. मग एका कागदावर एवढंच लिहा:

'अमुक खांबाजवळ, रस्त्याच्या डाव्या बाजूला अमुक तारखेपासून छाटलेल्या फांद्या पडून आहेत. त्यामुळे सायकलनं शाळेत जाणाऱ्या मुलांना वाहनांच्या मधे यावं लागतं. वाहतुकीला अडथळा व जिवाला धोका आहे. फांद्या तातडीने उचलाव्यात. रस्ता आपल्या अखत्यारीत नसल्यास संबंधित कार्यालयाकडे अर्ज पाठवून आम्हाला कळवावे.'

शेवटचं वाक्य विसरू नका. कार्यालय शोधण्याचं काम तिथं तुमच्याकडून त्यांच्याकडे जातं. अर्ज दोन प्रतींत द्या, एकीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. जाणं जमत नसेल तर 'आपले सरकार' पोर्टलवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपून ठेवा. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात 'माझ्या अर्जावर काय कार्यवाही झाली' एवढा एक प्रश्न विचारा. त्याला साधारणपणे ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

तरीही कुणी हललं नाही, तर उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. ते कार्यालय अचलपुरातच आहे. रस्त्यावरचा अडथळा किंवा पडायला आलेलं झाड हटवण्याचा आदेश ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली देऊ शकतात. पूर्वी हेच फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १३३ होतं.

'पालिकेकडे निधी नाही' असं उत्तर आलं तर रतलामची गोष्ट सांगा. मध्य प्रदेशातल्या या शहरात उघड्या गटारांना कंटाळलेले एका वॉर्डातले रहिवासी याच कलम १३३ खाली दंडाधिकाऱ्यांकडे गेले. पालिका पैसे नसल्याचं कारण देत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. १९८० साली न्यायालयानं निकाल दिला: कायद्यानं लावून दिलेलं कर्तव्य पैसे नाहीत म्हणून टाळता येत नाही.

एका फांदीसाठी बहुतेक वेळा इतक्या लांब जावं लागत नाही. शिक्का मारलेला एक कागद आणि आठवड्यानं एक फेरी, यावर बरीच कामं होतात. राज्यात मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या हजारो मुलींना शाळेत जायला सायकली मिळाल्या आहेत. त्या सायकली कडेच्या त्याच दोन-तीन फुटांतून चालतात. उद्या सकाळी जाताना तुमच्या रस्त्यावरचा तो ढीग अजून तिथंच असेल, तर थांबा, खांबाचा नंबर टिपून घ्या आणि दुपारी अर्ज देऊन या.