फिल्टर या वेळी राहू दे?

गाडी सर्व्हिसिंगला टाकताना बिलावरची कात्री पहिल्यांदा कुठे चालते, ते कोणत्याही गॅरेजवाल्याला विचारावं. ऑइलचा डबा हल्ली हजारांत जातो, पण ते टाळता येत नाही. मग गाडीमालकाची नजर त्याखालच्या ओळीवर येते. "फिल्टर मागच्याच वेळी बदललाय ना? या वेळी राहू दे." साध्या पेट्रोल मोटारीचा ऑइल फिल्टर शंभर-दोनशे रुपयांत येतो. बचत काय ती एवढीच, पण बिल कमी करून घेतल्याचं समाधान मोठं असतं.

हा सल्ला अगदीच वेडगळ आहे, असंही नाही. जपानमध्ये 'दोनदा ऑइल, एकदा फिल्टर' हा गॅरेजांचा सर्रास प्रघात आहे. टोयोटाच्या तिथल्या अनेक पेट्रोल मोटारींना खडतर वापरात ऑइल दर ७,५०० किलोमीटरला बदलायला सांगतात, फिल्टर मात्र १५,००० किलोमीटरला. अमेरिकेतल्या होंडाच्या मोटारी डॅशबोर्डवर अक्षरं दाखवतात. 'ए' दिसलं की नुसतं ऑइल बदलायचं, 'बी' दिसलं की ऑइल आणि फिल्टर दोन्ही. म्हणजे एकाआड एक फिल्टर बदलण्याला कंपन्यांचाच आधार आहे.

हिशेब चुकतो तो आकड्यांत. आपल्याकडच्या बहुतेक पेट्रोल मोटारींच्या पुस्तिकेत ऑइल आणि फिल्टर दोन्ही १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यांतलं जे आधी येईल तेव्हा बदलायचे असतात. इथे जपानी पद्धतीने एक खेप चुकवली, तर तोच फिल्टर २०,००० किलोमीटर किंवा दोन वर्षं काढतो. जपानी मालकाने ऑइल लवकर बदलून फिल्टर त्याच्या मुदतीपर्यंत वापरला. आपण ऑइलची पूर्ण मुदत संपवून वर फिल्टरची दुप्पट केली. नियम उचलला, त्यामागचा हिशेब तिथेच राहिला.

शिवाय 'किलोमीटर' हे मापही शहरात फसवं आहे. इंजिनाला अंतर कळत नाही, त्याला फिरणं कळतं. पुण्यात सिंहगड रोडवर किंवा ठाण्यात घोडबंदरला सकाळी ताशी २० किलोमीटरचा वेग मिळाला तरी लोक देवाचे आभार मानतात. या वेगाने १०,००० किलोमीटर व्हायला इंजिन ५०० तास चालतं. द्रुतगती मार्गावर ताशी ८० ने तेवढंच अंतर १२५ तासांत संपतं. मीटरवर आकडा एकच, पण एका इंजिनाची मेहनत दुसऱ्याच्या चौपट. म्हणूनच पुस्तिकेच्या मागच्या पानांत, जिथे कुणी जात नाही तिथे, खडतर वापराचा वेगळा तक्ता असतो. धूळ, सततची थांबाथांब, जागेवर चालू ठेवलेलं इंजिन, फार छोटे फेरे, ओझं ओढणं ही त्याची लक्षणं. त्यात मुदत साधारण निम्म्यावर येते, ५,००० किलोमीटर किंवा सहा महिन्यांच्या आसपास. हा तक्ता वाचला की आपल्या शहरांतला जवळजवळ प्रत्येक वापर 'खडतर'मध्ये बसतो, हे वाचणाऱ्याच्या लक्षात येतंच.

सगळ्यात वाईट हाल कमी चालणाऱ्या गाडीचे होतात. मुलांना शाळेत सोडायचं, तीन किलोमीटर जायचं, तीन यायचं. वर्षाला दोन-सव्वादोन हजार किलोमीटर. मालक म्हणतो, गाडी नवीकोरी आहे, चाललीच कुठे? पण एवढ्या अंतरात ऑइल पुरतं तापतच नाही. जळणातून तयार होणारी पाण्याची वाफ आणि न जळलेलं थोडं पेट्रोल ऑइलमध्ये मुरत राहतं. लांबच्या प्रवासात ते तापून उडून गेलं असतं. 'किंवा एक वर्ष' हे शब्द या गाड्यांसाठी आहेत.

फिल्टर करतो काय, ते बघायला त्याचा पत्र्याचा डबा कापावा लागतो. आत पंख्यासारखा घड्या घातलेला कागद असतो. उलगडला तर हातभर नव्हे, चांगला लांबलचक निघतो. पंपाने दाबलेलं ऑइल बाहेरच्या कडेने कागदातून आत येतं आणि मधल्या नळीतून इंजिनात जातं. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा. इथे अडवायचे कण त्याच्या निम्म्याहून लहान. कारण बेअरिंग आणि क्रँक यांच्यामधला ऑइलचा थर काही ठिकाणी मोजक्याच मायक्रॉनचा असतो. त्या फटीत मावेल एवढा कठीण कण शिरला, की तो कानसीचं काम करतो. जनरल मोटर्समध्ये झालेल्या चाचण्यांचा १९८८ सालचा एक शोधनिबंध या क्षेत्रात वारंवार सांगितला जातो: ४० मायक्रॉनच्या फिल्टरऐवजी ३० मायक्रॉनचा लावल्यावर इंजिनाची झीज निम्म्याने, आणि १५ मायक्रॉनचा लावल्यावर ७० टक्क्यांनी कमी झाली.

आता खरी मेख. कागद भरत गेला की ऑइल जायला अडखळतं. ते अजिबात थांबलं तर इंजिन काही मिनिटांत जाम होईल, म्हणून फिल्टरमध्ये किंवा इंजिनाच्या ब्लॉकमध्ये स्प्रिंगची एक बारीक झडप बसवलेली असते. तिला बायपास म्हणतात. कागदाच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक ठरावीक मर्यादेबाहेर गेला की ती उघडते आणि ऑइल कागदाला वळसा घालून थेट आत जातं, न गाळता. घाणेरडं ऑइल काहीच ऑइल नसण्यापेक्षा बरं, हा त्यामागचा विचार, आणि तो बरोबरच आहे. फक्त हे घडलं ते चालवणाऱ्याला कळत नाही. दाब शाबूत असतो, त्यामुळे डॅशबोर्डवरचा लाल दिवा लागत नाही. आवाज नाही, धूर नाही, मायलेजमध्ये फरक नाही. 'फिल्टर खराब असता तर कळलं असतं' असं म्हणणाऱ्याचा घात इथेच होतो. कळतं ते हजारो किलोमीटरनंतर, इंजिन उतरवल्यावर.

फिल्टरच नसलेल्या गाड्याही एके काळी बक्कळ धावल्या, असा दाखला जुनी मंडळी देतात. खरं आहे. फोर्डच्या 'मॉडेल टी'मध्ये ना ऑइलचा पंप होता ना फिल्टर. फिरतं फ्लायव्हील ऑइल उडवायचं आणि ते ओघळत बेअरिंगांपर्यंत पोचायचं. अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलंड यांनी १९२३ च्या सुमारास मोटारीचा ऑइल फिल्टर आणला, 'प्युरोलेटर' नावाने, आणि १९२४ च्या क्रायस्लरमध्ये तो बसून आला. त्यानंतरही फोक्सवॅगनची बीटल कित्येक दशकं नुसत्या तारेच्या जाळीवर चालली, पण तिचं ऑइल दर ५,००० किलोमीटरला बदलायला लागायचं. आपल्या डोळ्यांसमोरचं उदाहरण स्प्लेंडर मोटारसायकलचं. तिच्यात कागदी फिल्टर नाही. जाळीच्या जोडीला क्रँकवर एक गोल वाटी फिरते आणि दुधातून साय काढणाऱ्या यंत्रासारखी जड घाण कडेला फेकते. ती घाण तिथे थरावर थर साचते आणि खरवडून काढावी लागते. म्हणजे फिल्टर नव्हता तिथेही त्याचं काम कुणाला ना कुणाला करावंच लागत होतं.

डिझेलवाल्यांना एक भीती कायम असते: ऑइल बदललं आणि चार दिवसांत काळं! डिझेलच्या जळणाची काजळी अतिशय बारीक असते, ती कागदातून आरपार जाते, आणि ऑइलमधली रसायनं तिला मुद्दामच तरंगत ठेवतात. काळ्या रंगावरून फिल्टर वाईट ठरवण्यात अर्थ नाही. सोनेरी दिसतंय म्हणून ऑइल चांगलं, असंही नाही.

नकली मालाचा प्रश्न मात्र खरा आहे. फिल्टरमध्ये रबराची आणखी एक पातळ झडप असते, गाडी बंद असताना आतलं ऑइल खाली ओघळू न देणारी. फिल्टर आडवा किंवा उलटा बसत असेल तर हिचं महत्त्व फार. ही झडप भिकार निघाली तर सकाळी पहिल्या स्टार्टला दोन-तीन सेकंद कोरडा खडखडाट ऐकू येतो. फिल्टर बदलल्यावर हा आवाज नव्याने सुरू झाला, तर संशय आधी त्या डब्यावर घ्यावा. आणि बिलात लावलेला फिल्टर गाडीतही लागलाय का, हा जुना वाद मिटवायला शहाणे मिस्त्री डब्यावर मार्करने तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवतात. लिहीत नसतील तर लिहायला सांगावं, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

बसवण्याच्या चुका गमतीदार पण महाग असतात. जुना फिल्टर काढताना त्याची रबरी रिंग कधी कधी ब्लॉकलाच चिकटून राहते. तिच्यावरच नवा फिल्टर चढवला, की दाब येताच दोन रिंगांमधून ऑइलची पिचकारी उडते आणि चेंबर बघता बघता रिकामा होतो. दुसरी चूक ताकदीची. नव्या रिंगला बोटाने ऑइल लावायचं, रिंग टेकेपर्यंत फिल्टर हाताने फिरवायचा आणि पुढे साधारण पाऊण आटा, बस. पाना लावून जीव खाऊन आवळलेला फिल्टर पुढच्या वेळी निघत नाही. मग त्याच्या पोटात स्क्रू-ड्रायव्हर ठोकून तो पिळून काढण्याचा कार्यक्रम होतो, आणि तो बघायला अख्खं गॅरेज जमतं.

चेंबरचा बोल्ट नव्या वायसरसह बसला, ऑइल ओतलं, गाडी चालू केली. लाल दिवा विझायला नेहमीपेक्षा एक-दोन सेकंद जास्त लागतात, घाबरायचं कारण नाही. इंजिन बंद करून पाच मिनिटं थांबावं, खाली वाकून फिल्टरच्या कडेला ओल आहे का ते बघावं आणि ऑइलची पट्टी पुन्हा पुसून तपासावी. पातळी मघापेक्षा खाली आलेली दिसते. कोरा फिल्टर दोन-अडीचशे मिलिलिटर ऑइल पिऊन बसलेला असतो. तेवढं वरून घालायचं असतं.