साथी आणि समाज : भाग ९
मन्रोव्हियाचं स्मशान

सिएरा लिओनमधल्या एका वैदू बाईच्या अंत्ययात्रेबद्दल मी आधी लिहिलं होतं; ते वाचून सांगलीच्या एका भगिनींनी विचारलंय, प्रेताला आंघोळ घालताना इबोला पसरतो हे कळल्यावर सरकारने सरळ दहनाचा हुकूम का काढला नाही?

काढला होता. लायबेरियात, ऑगस्ट २०१४ मध्ये.

तेव्हाच्या अध्यक्ष एलेन जॉन्सन सरलीफ यांच्यापुढे दुसरा मार्ग फारसा नव्हता. इबोलाने माणूस दगावतो तेव्हा विषाणू त्याच्या अंगात सर्वांत जास्त असतो, आणि नेमकं त्याच वेळी घरची माणसं त्याला न्हाऊ घालतात, कुरवाळतात. शेजारच्या गिनीत त्या ऑगस्टपर्यंतच्या साठ टक्के रुग्णांचा धागा अंत्यविधीशी जुळत होता. लायबेरियाची राजधानी मन्रोव्हियात तर प्रेतं घरांत, रस्त्यांवर पडून होती आणि आपल्या वस्तीजवळ ती पुरू द्यायला लोक तयार नव्हते. मग जाळायचं कुठे? शहराबाहेर तिथल्या भारतीयांनी आपल्यापुरतं बांधलेलं एक स्मशान होतं. सगळी प्रेतं तिकडे जाऊ लागली.

अग्नी दिला की माणूस सुटला, असं मानत आपण वाढलो. लायबेरियन माणसाला मात्र तो आपल्या माणसाचा घोर अपमान वाटला. तिथे मार्चच्या दुसऱ्या बुधवारी ‘डेकोरेशन डे’ असतो, सरकारी सुट्टीचा दिवस. अख्खं कुटुंब दफनभूमीत जातं, थडग्यावरचं गवत उपटतं, चुना लावतं, फुलं वाहतं. आईचं थडगंच नसेल तर लेकाने त्या दिवशी जायचं कुठे? २०२० मध्ये कोविडच्या साथीत गेलेली मावशी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली लांबूनच पाहिली, तेव्हा हा प्रश्न मला खऱ्या अर्थाने कळला.

परिणाम व्हायचा तोच झाला. जाळतील या धास्तीने लोक आजारी माणूस घरातच लपवू लागले, रात्री गुपचूप पुरू लागले. उपचार केंद्रांत खाटा रिकाम्या आणि घराघरांत रुग्ण. स्मशानात राबणाऱ्या तरुणांना तर स्वतःच्या गणगोताने वाळीत टाकलं. माझ्या मते हुकूम काढणाऱ्यांना विषाणू नीट कळला होता, दुःख कळलं नव्हतं.

नोव्हेंबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मुस्लिम आणि ख्रिस्ती संस्थांबरोबर बसून दफनाचे नवे नियम केले. मला त्यातला बारकावा फार आवडतो. गुस्ल, म्हणजे मृताची धार्मिक आंघोळ, पाण्याने घालता येत नसेल तर इस्लाममध्ये तयम्मुमची सोय आहे, म्हणजे स्वच्छ मातीने केलेली कोरडी शुद्धी. हातमोजे घातलेला मुस्लिम कार्यकर्ता ती करील. मौलवी किंवा पाद्री थोडं दूर उभं राहून प्रार्थना म्हणतील. खड्डा घरच्यांनी खणला तरी चालेल. प्रेताला घरच्यांनी शिवायचं नाही, एवढी एकच गोष्ट सुटली.

डिसेंबरअखेर लायबेरियाने दहनाची सक्ती उठवली. राजधानीबाहेर डिस्को हिल इथे नवी दफनभूमी झाली, तिथे प्रत्येकाला स्वतःची कबर मिळू लागली. आधी जाळलेल्यांची राख पिंपांत भरून ठेवली होती. २०१५ च्या मार्चमध्ये, डेकोरेशन डेच्या तोंडावर, ती पिंपं डिस्को हिलला आणली.